म्हशीचे माहेर

९ डिसेंबर २०२० या दिवशी आमच्या कोथरुडात गवा आला. करोनाच्या धास्तीने माणसे घरात बसलेली, रस्ते निम्मे रिकामे, आणि सकाळीच भाच्याचा फोन आला, ‘‘मामा, महात्मा सोसायटीकडे रेडा शिरलाय, बाहेर पडू नका.’’ मी पडलो नाही. पण बाकी कोथरूड पडले. दूरचित्रवाणीवर दिवसभर तेच चालले होते. एका वाहिनीवर तो ‘रानगवा’ होता, दुसरीवर ‘रानरेडा’, तिसरीवर ‘बायसन’. बिचारा कुंपणांवर आदळत, दमून उभा राहत, पुन्हा पळत होता आणि मागे मोबाइल उंचावलेली गर्दी. भुलीचे औषध दिले, दोर लावले, आणि त्याच दिवशी तो मेला. पुढे २२ डिसेंबरला दुसरा गवा पाषाण-बावधनच्या बाजूला दिसला. या वेळी गर्दीला लांब ठेवले गेले आणि तो आपला आपण रानात परत गेला. एक जीव गेल्यावर का होईना, शहाणपण आले.

मी मूळचा राधानगरीकडचा. त्यामुळे तेव्हापासून भेटेल तो मला एकच प्रश्न विचारतो, ‘‘गवे फार वाढलेत का हो?’’ २०२१ च्या डिसेंबरात गवा कोल्हापूर शहराच्या वेशीत आला, त्या परिसरात गव्याच्या हल्ल्यात एका तरुणाचा जीवही गेला, तेव्हा तर हा प्रश्न दिवसातून दोनदा. लोकांचा हिशेब साधा असतो : जे वारंवार दिसते ते वाढलेले असते. बँकेत इतकी वर्षे काढल्यामुळे मला मात्र या हिशेबाची भीती वाटते. ज्याच्या खात्यावर उलाढाल फार, तो सावकार असेलच असे नाही. पुष्कळदा तो बुडायला आलेला असतो.

आमच्याकडचे दाजीपूरचे जंगल म्हणजे कोल्हापूर संस्थानचे शिकारीचे रान. १९५८ साली ते गव्यांसाठी राखीव झाले. महाराष्ट्रातले हे पहिले अभयारण्य. १९८५ साली ते वाढवून राधानगरी अभयारण्य केले, क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर. गवा तिथे टिकला, ही त्या निर्णयाची पुण्याई. पण जनावराला नकाशातले क्षेत्रफळ खाता येत नाही, त्याला गवत लागते. सह्याद्रीतल्या नद्यांवर धरणे झाली, ती हवीच होती, मी त्याच पाण्यावर वाढलो. पण त्या पाण्याखाली खोऱ्यांच्या तळाची सपाट गवताळ जमीन गेली. वरच्या सड्यांवर काही ठिकाणी बॉक्साइटच्या खाणी आल्या. मधल्या मोकळ्या जागांत रानमोडी आणि घाणेरी माजली, जिला गवा तोंड लावत नाही. आणि रानाच्या कडेला कालव्याच्या पाण्यावर एप्रिल-मेमध्येही हिरवागार ऊस. भुकेल्या जनावराने काय करावे अशी आपली अपेक्षा आहे? तेव्हा दिसणारा प्रत्येक गवा हा वाढलेला गवा नव्हे, तो बराचसा बाहेर पडलेला गवा आहे.

तरी गव्याचे बरे म्हणायचे. जगातले बहुतेक गवे आपल्या देशात आहेत. श्रीलंकेतून तो केव्हाच नाहीसा झाला, आग्नेय आशियात झपाट्याने घटला, पण पश्चिम घाटात आणि मध्य भारतात अजून कळपाने आहे. शिवाय तो दिसतो, आरडाओरडा होतो, वर्तमानपत्रात येतो. माझे दुखणे वेगळे आहे. महाराष्ट्रात गव्याखेरीज आणखी एक रानटी गुरू आहे. आकाराने गव्याच्याच तोलाचे, त्याच्याहून कितीतरी दुर्मीळ, आणि त्याच्याविषयी मला आजवर एकाही माणसाने प्रश्न विचारलेला नाही. ते म्हणजे रानम्हैस. गडचिरोलीच्या अगदी दक्षिण टोकाला, इंद्रावती नदीच्या अलीकडे, कोलामार्काच्या रानात ती उरली आहे.

गवा आणि रानम्हैस यांत लोक नेहमी घोटाळा करतात म्हणून सांगतो. गवा गाईबैलांच्या नात्यातला. पाठीवर उंचवटा, गुडघ्यापासून खाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. साहेबाने त्याला ‘बायसन’ म्हटले, पण अमेरिकेतल्या बायसनचा तो सख्खा कोणी नव्हे. रानम्हैस ही मात्र म्हैसच. आपल्या गोठ्यातल्या म्हशीची आई, आजी, पणजी. पूर्ण वाढलेला रानरेडा हजार-बाराशे किलोंपर्यंत भरतो आणि त्याची शिंगे एवढी पसरट की गोठ्याच्या दारातून तो आत येणार नाही. या उपखंडातल्या माणसाने सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी हिलाच माणसाळवले. यमाचे वाहन, महिषासुर, शेताच्या बांधावरचा म्हसोबा आणि ज्ञानेश्वरांचा पैठणचा रेडा, या साऱ्यांचे मूळ घराणे तेच. देशात आज जवळपास अकरा कोटी पाळीव म्हशी आहेत (२०१९ च्या पशुगणनेचा आकडा). आपल्या दुधातले जवळजवळ निम्मे दूध त्यांचे. आणि त्यांच्या माहेरी, म्हणजे साऱ्या जगातल्या रानांत मिळून, चार हजारांहून कमी जनावरे उरली आहेत. त्यांतली बहुतेक आसामात, काझीरंगा-मानसच्या बाजूला. थोडी नेपाळात कोसीकाठी. मध्य भारतात एके काळी गोदावरी-इंद्रावती-महानदीच्या खोऱ्यांत त्यांचे कळप होते. तिथे आता महाराष्ट्राचे कोलामार्का, पलीकडचे छत्तीसगडचे इंद्रावती आणि ओडिशाच्या हद्दीजवळचे उदंती, एवढीच नावे घेता येतात.

आता माझा या म्हशीशी संबंध काय, ते सांगितले पाहिजे. तो अभिमानाने सांगण्यासारखा नाही.

१९८६ साली बँकेने मला अहेरी भागातल्या एका शाखेत शेती अधिकारी म्हणून पाठवले. वय अठ्ठावीस. गडचिरोली जिल्हा होऊन चारच वर्षे झाली होती. कोल्हापूरहून तिथे पोचायला मला तीन दिवस लागले होते. ते दिवस ‘एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमा’चे. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला एखादी उत्पन्न देणारी मालमत्ता घेऊन द्यायची. आदिवासी कुटुंब असेल तर निम्मे पैसे सरकारचे अनुदान, निम्मे बँकेचे कर्ज. शाखेला वर्षाचे उद्दिष्ट ठरलेले असे. शेळ्यांचा गट, शिलाई यंत्र, किराणा दुकान, बैलजोडी आणि दुभती म्हैस, अशी यादी होती. यांत म्हशीचे प्रकरण सर्वांत सोपे. छापील नमुना तयार, किंमत ठरलेली, दुधाचे उत्पन्नही कागदावर आधीच मांडलेले. ते कोल्हापूर-सांगलीच्या हिशेबाने मांडलेले होते हे माझ्यासारख्या त्याच भागातल्या माणसाच्या लक्षात यायला हवे होते.

एका माडिया गावात अर्ज भरून घ्यायला गेलो होतो. सोबत आमचा शिपाई, तो दुभाष्या. यादीतला एक म्हातारा बराच वेळ ऐकत राहिला आणि मग काहीतरी बोलला. शिपाई हसायला लागला. ‘‘काय म्हणतोय?’’ मी विचारले. ‘‘साहेब, तो म्हणते, दूध आपण काढायचं तर पिलू काय पिणार?’’

माडिया लोक परंपरेने जनावराचे दूध काढत नाहीत. दूध हे वासराचे, अशी त्यांची रीत. मला ते तेव्हा कुणीतरी सांगितलेही. मी प्रकरण मंजूर केले. मार्चअखेर जवळ आली होती.

म्हशी ट्रकमधून बाहेरच्या बाजारातून आल्या. पशुवैद्यांनी दाखला दिला, विम्यासाठी कानात बिल्ला ठोकला, लाभार्थीने अंगठा दिला, फोटो निघाला. पुढे काय झाले असेल ते ग्रामीण शाखेत काम केलेला कुणीही सांगेल. दूध घ्यायला जवळ डेअरी नाही, एसटी दिवसातून एकदा, तीही पावसाळ्यात बंद. म्हैस आटली. वैरण विकत घ्यायची तर पैसा नाही आणि सभोवती मैलोगणती रान. मालकाने दावे सोडले. सहा महिन्यांनी मी तपासणीला गेलो तेव्हा त्याने रानाच्या दिशेने हात केला. विम्याचा नियम असा की जनावर मेले तर कानातला बिल्ला आणून दाखवायचा; बिल्ला नाही तर भरपाई नाही. इथे जनावर मेले नव्हते, बिल्ल्यासकट रानात गेले होते. त्यासाठी कुठल्याच फॉर्मात रकाना नव्हता. मी तपासणी अहवालावर शेरा मारला : ‘जनावर चरावयास सोडलेले असल्याने प्रत्यक्ष पाहता आले नाही.’ अशा शेऱ्यांची माझ्या हातची किती प्रकरणे असतील ते आता आठवत नाही, पण एकदोन नव्हेत. १९९० साली दहा हजारांपर्यंतची कृषी कर्जे माफ झाली, त्यात ही खातीही मिटली. कर्ज माफ झाले. म्हैस रानातच राहिली.

त्याच दौऱ्यांत मी प्रथम रानहल्याविषयी ऐकले. तिकडे रेड्याला हल्या म्हणतात. गावकरी सांगत की रानातला हल्या कधी कधी गावच्या म्हशींत येतो, दिवसचे दिवस राहतो, गुराख्यालाही जवळ येऊ देत नाही. त्याच्यापासून झालेले पिलू दांडगे निघते, असे ते कौतुकाने सांगत. मलाही ते फार रोमांचक वाटले. पुढेमागे कथेत वापरता येईल म्हणून वहीत टिपून ठेवले. आपण दिलेल्या कर्जाचा या गोष्टीशी काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातही आले नाही. ते यायला तीस वर्षे लागली.

संबंध असा आहे. रानटी जनावर संपते कसे, हे आपल्याला ठाऊक असते असे आपण समजतो : बंदूक, सापळा, कुऱ्हाड. वाघ मेला की कातडे सापडते, हत्ती मेला की सांगाडा. रानम्हशीचे तसे नाही. ती गावच्या म्हशीत मिसळून संपते. दोघींचे रक्त इतके जवळचे की संकर सहज होतो आणि होणारी प्रजा पुढेही वाढते. रानरेडा गावच्या कळपात आला तर पिले गावात राहतात. त्यात रानाच्या रक्ताचे नुकसान थोडे. मात्र तो रेडा आपल्या कळपाला दुरावतो आणि गावाशी त्याचा झगडा सुरू होतो. पण गावचा मोकाट रेडा रानाच्या कळपात शिरला, किंवा गावची म्हैस तिथेच राहून विली, की उलटे होते. पुढची पिढी अर्धी, त्यापुढची आणखी वेगळी. गणती करणाऱ्याला कळप दिसतो, पारडी दिसतात, कदाचित आकडा वाढलेलाही दिसतो. आणि ज्या जनावराची गणती चालली आहे ते मात्र त्या कळपात नसते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर शिल्लक बरोबर आहे, फक्त नोटा बदललेल्या आहेत.

दुसरी गोष्ट रोगाची. एकाच पाणवठ्यावर गावची आणि रानची जनावरे आली की गोठ्याचा रोग रानात जातो. १९६८ साली बंदीपूर-मदुमलाईच्या रानात बुळकांडीने गव्यांचे कळपच्या कळप झोपवले. बुळकांडी हा गुरांचा रोग, तो तिथे गुरांमार्फतच पोचला. या रोगाविरुद्ध आपल्या सरकारने १९५४ पासून लसीकरण चालवले, १९९५ नंतर देशात त्याचा रुग्ण सापडला नाही आणि २०११ साली तो पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. सरकारी खात्यांना आपण ऊठसूट नावे ठेवतो (मी तर निवृत्तीनंतर तोच धंदा केला), पण खेडोपाडी बर्फाच्या पेटीत लस घेऊन फिरलेल्या पशुवैद्यकांनी हे काम केले आहे. लाळ्या-खुरकूत अजून आहे, आणि गावच्या गुराला टोचलेली लस अप्रत्यक्षपणे रानाच्याही उपयोगी पडते.

आपल्या गाईचे माहेर कुठे, असा प्रश्न मी एकदा नातीला विचारला. ती म्हणाली, ‘‘गोठ्यात.’’ उत्तर चुकीचे म्हणता येणार नाही, कारण गाईला आता दुसरे माहेरच नाही. गाईबैलांचा रानटी पूर्वज, ज्याला युरोपात ऑरॉक्स म्हणत, तो आपल्या देशातून फार पूर्वी गेला. शेवटचे कळप पोलंडमध्ये याक्तोरूव नावाच्या राखीव जंगलात उरले. ते राजाचे राखीव रान होते. पहारेकरी नेमलेले, शिकारीला बंदी. १५६४ साली तिथल्या रक्षकांनी मोजणी केली, ती अडतीस भरली. पुढे गावची गुरे त्याच कुरणात चरत राहिली, रोग येत राहिले, मोजण्या होत राहिल्या. १६२० साली एक गाय उरली. १६२७ साली ती म्हातारी होऊन मेली. कोणी मारली नाही. संरक्षण होते, नोंदवही होती, दप्तर चोख होते.

म्हणून छत्तीसगडात जे घडले ते सविस्तर पाहिले पाहिजे. रानम्हैस हा त्या राज्याचा मानाचा राज्यप्राणी. तरी या शतकाच्या सुरुवातीला उदंतीत सात जनावरे उरली, आणि त्या सातांत मादी एक. तिचे नाव आशा ठेवले. मोठ्या कुंपणाच्या वाड्यात तिची निगा राखली. तिला पिले झाली, पण बहुतेक नर. २०१२ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला आदेश दिला की हा प्राणी नामशेष होऊ देऊ नका. त्यात पाळीव जनावरांशी होणारा संकर रोखण्याचाही विचार होता. मग विज्ञान मदतीला आले. हरियानात कर्नालच्या दुग्ध संशोधन संस्थेत आशाच्या पेशींपासून तिची हुबेहूब प्रतिकृती तयार करण्याचा प्रयोग झाला, आणि डिसेंबर २०१४ मध्ये पाळीव म्हशीच्या पोटी एक पारडी जन्मली : दीपआशा. तिला २०१८ साली नवा रायपूरच्या जंगल सफारीत आणून ठेवले. पुढे ती मोठी झाली तशी अगदी हरियानाच्या मुऱ्हा म्हशीसारखी दिसते, अशी कुजबूज सुरू झाली, वर्तमानपत्रांतून वादही झाला. त्या वादात कोण खरे हे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण मूळ अडचण वादातच दिसते : जाणत्या माणसांनाही समोर उभी असलेली म्हैस घरची की रानची, हे पाहून सांगता येत नाही.

त्यानंतर आसामातल्या मानसमधून २०२० साली एक नर व एक मादी, आणि २०२३ साली आणखी चार माद्या बारनवापाराच्या रानात आणून वाड्यात ठेवल्या. काही अभ्यासकांचा याला विरोध आहे. ओल्या गवताळ आसामचे जनावर कोरड्या सालवनात कसे रुजणार, आणि मध्य भारताचे जे वेगळे घराणे आहे त्यात हे रक्त का मिसळायचे, असे ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण गव्याच्या बाबतीत असे स्थलांतर यशस्वी झालेले आहे, हेही विसरता येत नाही. बांधवगडातून १९९८ पर्यंत गवा पार संपला होता. २०११ साली कान्हातून १९ आणि २०१२ साली आणखी ३१ गवे ट्रकांतून नेऊन तिथे सोडले. ते रुजले, वाढले. फरक एवढाच की कान्हात अस्सल गवा होता म्हणून बांधवगडला देता आला. ठेव शाबूत असेल तरच एका शाखेतून दुसरीत पैसे पाठवता येतात.

कोलामार्का ही अशीच एक लहानशी ठेव. २०१३ साली महाराष्ट्र सरकारने तिथले सुमारे १८१ चौरस किलोमीटर रान रानम्हशीसाठी संवर्धन राखीव क्षेत्र केले. पुढे अभयारण्याचा दर्जा देण्याचाही निर्णय झाला. हे रान राहिले याला एक जुने कारण आहे, जे आता फार थोड्यांना आठवते. ऐंशीच्या दशकात इंद्रावतीवर भोपालपट्टनम आणि गोदावरीवर इंचमपल्ली अशी दोन मोठी धरणे येऊ घातली होती. बाबा आमटे आणि आदिवासी नेते लालश्याम शाह यांनी ‘जंगल बचाव, मानव बचाव’ म्हणत १९८४ साली त्याविरुद्ध आंदोलन उभे केले. धरणे तेव्हा अडली. झाली असती तर माडियांची गावे आणि रानम्हशींची कुरणे दोन्ही एकाच पाण्यात गेली असती. मी शाखेत रुजू झालो तेव्हा लोक त्या आंदोलनाविषयी अजून बोलत. त्यानंतरची दोन-तीन दशके नक्षलवाद्यांच्या आणि बंदुकांच्या सावटात गेली. पलीकडच्या इंद्रावती व्याघ्र प्रकल्पात तर वनखात्याला आत पाऊल टाकणेही कठीण होते, मग गणती कुठली? कोलामार्कातल्या म्हशींचे जे आकडे सांगितले जातात ते सारे दोन आकडी आहेत.

२०२४ च्या डिसेंबरात मी वनखात्याची परवानगी काढून तिथे गेलो. बरोबर शाखेतले दोन जुने सहकारी, तिघेही आता गुडघे धरून चालणारे. आलापल्लीचे सागवान ओलांडून कमलापूरला पोचलो, सरकारी हत्ती पाहिले, आणि रात्री शेकोटीपाशी स्थानिक मंडळींशी गप्पा झाल्या. माझा एक सहकारी, हिशेबाचा पक्का, म्हणाला, ‘‘सोपं आहे. भोवतीची गावं उठवा, चांगला मोबदला द्या, प्रश्न मिटला.’’ गावातले एक वयस्कर गृहस्थ शांतपणे म्हणाले, ‘‘म्हशी तर तुम्हीच आणून दिल्या होत्या.’’ ‘तुम्ही’ म्हणजे सरकार, बँक, बाहेरची सगळी माणसे. मी त्या बँकेचा, हे त्यांना ठाऊक नव्हते. आधी मी गप्प राहिलो, मग सांगून टाकले. ते हसले आणि म्हणाले, ‘‘मग तुम्हीच घेऊन जा परत.’’

थट्टेत बोललेली ही गोष्ट मला खरोखर करण्याजोगी वाटते. गावे उठवण्याची गरज नाही. रानालगतच्या थोड्या गावांतल्या मोकाट पाळीव म्हशी आणि विशेषतः रेडे, बाजारभावाहून चांगल्या किमतीला विकत घ्यावेत. ज्यांना नांगराला जनावर हवे त्यांना बैल द्यावेत. जे रेडे ठेवायचेच ते खच्ची करून घ्यावेत. राहिलेल्या गुरांना वेळच्या वेळी लस द्यावी. दूध काढणारी माणसे ती नव्हेतच, तेव्हा त्यांचे नुकसान भरून देणे अवघड नाही. आणि हे ग्रामसभेला विचारून व्हावे. याच जिल्ह्यात मेंढा-लेखाने २००९ साली वनहक्क कायद्याखाली आपल्या जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला आणि जंगल सांभाळून दाखवले. गडचिरोलीच्या खेड्याला रान कळत नाही असे पुण्यात बसून म्हणू नये. एवढे मात्र आहे की नदी अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे छत्तीसगड. म्हशी पाणी उतरून जातात-येतात, फाइली जात नाहीत. एका काठावर रेडे आवरले आणि दुसऱ्यावर मोकाट राहिले तर उपयोग शून्य. दोन राज्यांच्या वनखात्यांनी आणि पशुसंवर्धन खात्यांनी, म्हणजे चार खात्यांनी, एकत्र बसायचे आहे. सरकारी नोकरी केलेल्यांना यातली अडचण समजावून सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी पहाटे वनरक्षकाबरोबर निघालो. माझ्या मुलाच्या वयाचा, चंद्रपूरकडचा मुलगा. नाल्याच्या एका वळणावर त्याने हात वर करून थांबवले. पलीकडच्या काठाला गवतात चार म्हशी उभ्या होत्या. धुके होते. त्याने दुर्बीण लावली, बराच वेळ पाहिले आणि माझ्या हातात दिली. अलीकडच्या दोघींच्या कानांत पिवळे बिल्ले होते. हल्ली सरकार प्रत्येक पाळीव जनावराच्या कानात बारा आकडी क्रमांकाचा पिवळा बिल्ला लावते, लसीकरणाच्या नोंदीसाठी. आमचा पितळी असायचा. त्यांच्या मागे एक प्रचंड रेडा होता, मान वर करून आमच्याकडेच पाहत. शिंगांचा विस्तार असा की विचारायची गरज नव्हती. मी चाळीस वर्षांपूर्वी वहीत ज्याचे वर्णन ऐकीव लिहिले होते, तो हा. आणि त्याच्या पलीकडे एक तरणी वगार. अंगाने भरलेली, शिंगे अजून पुरती न फुटलेली. कानात काही नाही.

‘‘ही रानची?’’ मी हळूच विचारले.

‘‘सांगता येत नाही, सर.’’

‘‘पण बिल्ला नाही.’’

‘‘बिल्ला नाही म्हणजे रानचीच असं नाही ना. लावायचा राहिला असेल. किंवा हिची आय रानची असेल, बाप गावचा. शेण नेऊन तपासलं तर कळेल कदाचित.’’

चौघी थोड्या वेळाने गवतात शिरल्या. त्याने खिशातून नोंदवही काढली. सवयीने मी डोकावलो. पानावर दोन रकाने आखलेले होते, ‘रान’ आणि ‘पाळीव’. पाळीवमध्ये त्याने दोन लिहिले, रानमध्ये एक. मग जरा थांबला.

‘‘चौथीचं काय करता?’’

‘‘पेन्सिलीनं लिहून ठेवतो, सर,’’ तो म्हणाला आणि दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर त्याने बारीक एक काढला. मागची पाने त्याने उलटून दाखवली. त्या रेघेवर असे पुष्कळ एक होते.